मुंबई–लंडन, सहावा तास

करुणा,

आईला घेऊन उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या हॉस्पिटलात चाललोय. ती बाथरूममध्ये पडली. शुद्धीवर आहे, पण डावा हात उचलत नाही आणि बोलणं अडखळतंय. तुझा मोबाइल लागत नाही. रिक्षा खाली उभी आहे, शेजारच्या अंजनीकाकूंचा संतोष तिला धरून जिना उतरवतोय.

येताना तिच्या बीपीच्या गोळ्या आणि एक साडी आण.

कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम तसाच चालू आहे. सकाळी मुंबईहून उडवलेलं लंडनचं विमान आता काळ्या समुद्रावर आहे, ऑटोपायलटवर. बंद करून टाक. रविवारी गेममध्ये जुहू–पुणे करताना मी हेडफोन घालून बसतो म्हणून तू बोललीस आणि मी तुझ्यावर चिडलो, ते चुकलंच.

आईने तीन हाका मारल्या, असं काकू म्हणतात. त्यांना भिंतीपलीकडे ऐकू गेल्या. मी त्यांना सांगितलं, कानाला हेडफोन होता, काहीच कळलं नाही. तुझ्याशी तसं बोलता येणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. पहिली हाक मला ऐकू आली होती. चहाला बोलावत असेल असं वाटलं, आणि मी इंजिनाचा आवाज वाढवला.

विलास