निघून गेलेला माल

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज मी इथे परदेशात, कनाटा नावाच्या गावातल्या घराच्या बेसमेंटमध्ये बसून तुम्हाला लिहिते आहे. वरती नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, स्वतःची नोकरी गेली आणि तू त्या भोसरीच्या कारखानदाराचं काय घेऊन बसलीस? पत्र कुठे पाठवायचं नाही, हे कळतं मला.

नाशिकचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. वर्कशॉपची वीज दिवसभर गेलेली, जनरेटरला डिझेल लागतंय, बँकेचं व्याज चढतंय, आणि माल घेणारी मोठी कंपनी बिलाचे पैसे तीन महिन्यांनी देणार. मी कॉलेजातली शहाणी म्हणते, "मग त्यांना माल देणं बंद करा ना." तुम्ही घास ताटात ठेवता. "मशीन थांबवून कामगारांना काय सांगू? ताटावर बसून असं बोलू नकोस." आई पोळी वाढते.

आणि मी इथे तशाच एका मोठ्या कंपनीच्या बाजूला येऊन बसले. आमच्या टेलिकॉमच्या यंत्रांना लागणाऱ्या पत्र्याच्या पेट्या भोसरीच्या एका कारखानदाराकडून घ्यायचं काम माझं. आधी त्याला महिन्यानं पैसे मिळायचे, मग दोन, मग तीन. त्या ईमेल मीच टाइप केल्या. तो चिडला नाही, नुसता हसला. "ताई, तुमच्या कंपनीला बँक स्वस्तात पैसे देते, आम्हाला महाग. आणि उधारी आम्ही तुम्हाला द्यायची?" बंदरात माल अडकला तरी भुर्दंड त्यालाच.

या जानेवारीत मॅनेजरनं दार लावून घेतलं. कंपनी दिवाळखोरीसाठी कोर्टात जाणार होती. "नॉट अ वर्ड टु द व्हेंडर्स," तो म्हणाला, म्हणजे माल पुरवणाऱ्यांना एक शब्दही सांगायचा नाही. त्याच सकाळी कारखानदाराचा फोन आला. मी कोट न घालताच पार्किंग लॉटमध्ये पळाले.

"ताई, सगळं ठीक आहे ना? पैशांचं कोणी बोलतच नाही."

"पुढचा माल पाठवू नका. का ते विचारू नका. कंटेनर थांबवा."

पलीकडे मागे प्रेस मशीन चालू होतं. त्यानं ते कोणाला तरी बंद करायला सांगितलं. मग म्हणाला, "तो काल जहाजावर चढला, ताई."

माल माँट्रियलला उतरला. त्याचा माल किंवा पैसे परत देता येतील का, असं मी वकिलांना विचारलं, मॅनेजरच्या हातापाया पडले, आणि मग माझीही नोकरी गेली. पैसे आधी बँकांना मिळणार, त्याच्यासारख्यांना उरलं तर. मागच्या आठवड्यात त्याचा पुन्हा फोन आला. कारखाना गहाण होता, तो बँकेनं घेतला. "तुमचा काही दोष नाही," तो म्हणाला, "फक्त एवढं सांगा, काही तरी मिळेल का? घरी काय सांगू?"

तो हॅलो, हॅलो करत राहिला. लाइन कट झाली असं त्याला वाटलं असेल. लाइन चांगली होती, बाबा. फोन मी ठेवला.