चिंचेवरची लाल फुली

रविवार, ४ जानेवारी
निवृत्तीनंतरचं जीवितकार्य अखेर सापडलं. दर रविवारी सकाळी उद्यानात 'वृक्षओळख'. आधी फेरी, मग शेवटच्या जुन्या चिंचेखाली माझं व्याख्यान. चिंचेचा बुंधा पोकळ, ढोलीत खार. झाडाचं नाव मीच ठेवलं: आजोबा.
आज चांगला घोळका होता. व्याख्यान वीस मिनिटांचं ठरलं होतं, रंगत रंगत दीड तासावर गेलं. शेवटी टाळ्या कमी पडल्या, कारण माणसंच कमी उरली होती. ऊन चढलं, त्याला मी काय करणार?
ही गुडघ्यामुळे फिरत नाही. थर्मास घेऊन आजोबांखालच्या बाकावर बसते आणि खारीशी बोलते. माझ्याशी एवढं बोलत नाही.

सोमवार, ५ जानेवारी
संकल्प: झाडांची लॅटिन नावं रोज पाठ करायची.

मंगळवार, ६ जानेवारी
उद्यापासून.

रविवार, ११ जानेवारी
गर्दी ओसरली, दर्जा वाढला. शेजारचे बँकवाले आणि त्यांचा कुत्रा. बँकवाल्यांनी एका झाडाचं नाव विचारलं. मी म्हटलं, नावात अडकू नका, झाड अनुभवा. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून नाव शोधलं. अशानं माणसाची जिज्ञासा मरते. कुत्र्याने मात्र प्रत्येक झाड मनापासून अनुभवलं.
आजोबांचं वय तीनशे सांगितलं. गेल्या रविवारी दोनशे होतं, पण दोनशेला कोणी मान वर करत नाही.
घरी ही म्हणाली की लोक तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात. हरभऱ्याचं झाड नसतं, रोप असतं. हिचं वनस्पतिशास्त्र कच्चं आहे.

गुरुवार, १५ जानेवारी
नामी युक्ती. उद्यान अधीक्षकांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. आजोबांना 'वारसा वृक्ष' अशी पाटी मिळवायची. खाली बारीक अक्षरात माझं नाव. बारीक म्हणजे लांबून वाचता येईल इतपत.

रविवार, १८ जानेवारी, दुपार
अधीक्षक आले! मी जीव ओतून बोललो. खोडावर टकटक करून दाखवलं, ढोलकीसारखा आवाज. ढोलीत हिची काठी घातली, ती अख्खी आत गेली. (बाहेर आली नाही. नवी आणू.) अधीक्षक एकदम गंभीर झाले. त्यांनीही टकटक केलं, झाडाभोवती फिरले, वर मोठ्या फांदीकडे पाहिलं, मग खाली बाकावर बसलेल्या हिच्याकडे. इथे माणसं नेहमी बसतात का, असं विचारलं. मी अभिमानाने म्हटलं, नेहमी! जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, दाखवलंत ते फार बरं झालं.
ही माझ्या खांद्याचा आधार घेत घरी आली. म्हणाली, तो माणूस काही ऐकत नव्हता, झाड मापत होता. हिला नवऱ्याचं कौतुक सोसत नाही.

बुधवार, २१ जानेवारी
आजोबांच्या खोडावर लाल फुली! पाटी ठोकायची जागा. उद्यानाच्या ऑफिसातली कामं इतकी झटपट होतात हे मला नवीन.
ही फुलीकडे बघतच राहिली. म्हणाली, ऑफिसात जाऊन विचारून या. मी म्हटलं, मानासाठी असं मागे लागणं शोभत नाही.

रविवार, २५ जानेवारी
बँकवाल्यांच्या कुत्र्याला बरं नाही, त्यामुळे तेही नाहीत. श्रोते: ही. फुलीशेजारी उभा राहून तिच्याकडून फोटो काढून घेतला. पुन्हा तेच, विचारून या. उद्या नक्की, म्हटलं.

शुक्रवार, ३० जानेवारी
ऑफिसपर्यंत जाऊन आलो. जेवणाची सुट्टी होती. सोमवारी बघू. हिला सांगितलं, सगळं ठीक आहे.

रविवार, १ फेब्रुवारी
पाटी नाही. आजोबाही नाहीत.
गुडघ्याएवढा बुंधा उरलाय. रखवालदार म्हणाला, काल सकाळी करवती लागल्या. धोक्याचं झाड, खाली माणसं बसतात, असं कोणीतरी साहेबांना दाखवून दिलं म्हणे. कोणी ते त्याला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.
ढोलीतली काठी त्याने जपून ठेवली होती, ती हिला दिली. ही उन्हातल्या बाकावर बसली. खार कुठे गेली असेल, एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलावं म्हणून उभा राहिलो, तर तोंडातून शब्द फुटेना. असं आयुष्यात प्रथमच झालं.
मग वय तरी कळेल म्हणून बुंध्यातली वलयं बघायला वाकलो. मधे नुसतं भोक. म्हणजे तीनशे नव्हती असं आता कोणी सिद्ध करू शकत नाही. हे हिला सांगितलं.
ती काठी टेकत उठली आणि माझ्यासाठी न थांबता घराकडे चालू लागली.