खड्ड्यावर कोण उभं राहणार?

बार्सेलुश, २२ जानेवारी १९८७

ती. झुल्मिरा आत्यास,
भाची इल्दाचा सा. न. वि. वि.

लिहीन-लिहीन म्हणत दिवाळखोरासारखं तोंड लपवलं, हे आधीच कबूल करते. म्हणजे शिव्या देण्याचे तुझे कष्ट वाचतील. जत्रेच्या मालकाने मला फिरत्या चक्रावरचे लाकडी घोडे रंगवायला बसवलंय. एका घोड्याचा डोळा काही केल्या जमत नाही, सारखा आपल्या गावच्या पाद्र्यासारखा बघतो. दोनदा खरवडून काढला, तरी तेच! पण घोडा राहू दे. मी चिडले आहे, आणि तुझ्यावर चिडले आहे.

काल आपला ट्रकवाला ओनोफ्रे भेटला. तोंडात भाजलेला चेस्टनट घोळवत निवांतपणे म्हणाला, की तुझी आत्या द्राक्षमळ्यात खड्डा खणतेय, आणि वर कोणी नाही. अगं, दोन पुरुष खोल रेती! खालच्या चिकणमातीला हात लागेपर्यंत चारी बाजूंनी तीच. चालता यायच्या आत आपल्याकडे पोरांना शिकवतात, की वर आपलं माणूस असल्याशिवाय खड्ड्यात पाय टाकायचा नाही. वरच्याने सारखं बोलत राहायचं, म्हणजे खालच्याला कळतं की तो जागेवर आहे. आणि रेती आलीच, तर डोक्यावरच्या टोपलीत जेवढा श्वास मावतो तेवढ्या वेळात उपसून काढायचं. तुझ्याशी कोण बोलतंय? आणि आजोबांची टोपली कुठे गेली? ओनोफ्रे म्हणाला, तुझ्या डोक्यावर पावाची टोपली होती. पावाची!

बाबांनाही लिहितेय, याहून तिखट. लोभ आहे म्हणून तर हा संताप, एवढं समजून घे.

तुझी,
इल्दा

*

अल्मोसाजेम, २ फेब्रुवारी १९८७

चि. इल्दास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा राग पोचला. राग टपालाने येतो, फावडं येत नाही.

तुझ्या बापाने वडिलांच्या मळ्यातला आपला वाटा बंगलेवाल्यांना विकला, ते तुला ठाऊक आहे. पुढचं ऐक. त्यांना जेवताना समुद्र दिसायला हवा, म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्यांनी हद्दीवरचा बोरूचा कूड उपटून जाळला. मी जाब विचारायला गेले, तर बंगल्यातली बाई हसून म्हणते की काठ्याच तर होत्या! उत्तरेचा खारा वारा थेट आत आला आणि कडेची अख्खी ओळ करपली. रामिश्कू द्राक्षांच्या वेली, माझ्या आजीने लावलेल्या. त्या बाईला वाटतं, वाइन बाटलीत पिकते.

कूड मी माझ्या हद्दीत पुन्हा बांधला. ओळ तशी बांधता येत नाही. जुन्या वेलींच्या काड्या चिकणमातीत रोवायच्या, त्याही मार्चमध्ये रस चढायच्या आत. या वर्षी चुकलं तर उरलेल्या वेलीही किती टिकतील सांगता येत नाही, आणि मग ती बाई माझाही तुकडा मागायला येईल. यंत्र आणलं तर ते शेजारच्या वेलींवरच रेती ढकलेल.

वर एक भाड्याचा माणूस ठेवला होता. तो सिगारेट आणायला गेला आणि मी अर्धा तास रिकाम्या आभाळाला उत्तरं देत राहिले. हाकलला त्याला. टोपलीचं म्हणशील, तर विक्रीच्या कागदावर सही करून तुझा बाप आला तेव्हा ती मी त्याला फेकून मारली. गाडीत पडली, तो घेऊन गेला. चार वर्षं आमचं बोलणं नाही. मी मागणार नाही.

घोडा डोळे मिटलेला रंगव. माया तुझ्यावर आहे, ती तुझ्या अकलेवर अवलंबून नाही.

तुझी आत्या,
झुल्मिरा

*

लिस्बन, ९ फेब्रुवारी १९८७

चि. इल्दास,
अनेक आशीर्वाद.

'बहिणीला गाडायला सोडून छत्र्या विकत बसलेला माणूस' असं तू मला लिहिलंस. पत्र मी दुकानात उघडलं. वाचता-वाचता चेहरा असा झाला, की समोरच्या गिऱ्हाईकाने कोणी गेलं का म्हणून विचारलं.

वाटा माझा होता, मी विकला. कूड जाळतील हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि समुद्राच्या देखाव्यापायी विकला नाही. लहानपणी खड्ड्यावर मी उभा असायचो, खाली माझे वडील. एकदा बोलता-बोलता मी गप्प झालो, एक जहाज बघत होतो. रेती खाली आली. हातांनी उपसलं, तीन नखं गेली. वडील बाहेर आले, थुंकले, हसले, जेवले आणि दुपारी पुन्हा उतरले. मला म्हणाले, चल, बोल. त्या दुपारपासून ती रेती मला नको होती. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

दहा-दहा वर्षं घशाला ओरबाडणारी ती वाइन, आणि तशीच तिची मालकीण. मी तिथे येऊन काय करू? आमचं बोलणं नाही. वर मुका माणूस उभा करून काय उपयोग? तिने बोलवावं, मग बघू. टोपली दुकानात आहे, तिच्यात छत्र्यांच्या मुठी ठेवतो.

प्रकृतीस जप. नीट जेव.

तुझे बाबा,
बेलार्मिनो

*

अल्मोसाजेम, १७ फेब्रुवारी १९८७

ती. बाबांस,
इल्दाचा सा. न.

जत्रा सोडली. घोडा एका डोळ्याचाच राहिला. मी खड्ड्याच्या काठाला पालथी पडून लिहितेय, आत्या खाली आहे, आज चिकणमाती लागेल म्हणते. तुम्ही येऊ नका. तुम्हाला बोलवावं लागतं, मानाने आणावं लागतं, लग्नातल्या व्याह्यासारखं! टोपली तेवढी ओनोफ्रेच्या ट्रकमधून पाठवा. मुठींसाठी दुसरं काही बघा.

सकाळपासून बोलून माझा घसा बसला. पाद्री झाला, जत्रा झाली, बार्सेलुशची बोकडाची भानगड झाली. शेवटी बोलायला काही उरेना, म्हणून तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. होय, सगळं वाचलं. रागवायचं तर रागवा. नखांपाशी आले तेव्हा खालचं फावडं थांबलं. मी घाबरून हाक मारली. आत्या म्हणाली, की तुमच्या आईने तिला सांगितलं होतं, बेलार्मिनोची बोटं दारात चेंगरली. मग म्हणाली, की त्या दाराला ती कित्येक वर्षं लाथ मारायची. आणि पुन्हा खणायला लागली, पण हळू.

म्हणून लिहिते, की तुम्ही दोघंही

थांबा. कुडाच्या फटीतून कोणीतरी आत शिरतंय. काळी छत्री, शहरी बूट, बुटात रेती. बाबा, तुम्हीच आहात! पत्र तुम्हाला लिहितेय आणि तुम्हीच काठावर येऊन उभे! काखेत टोपली.

टोपली दोरीला बांधून तुम्ही खाली सोडलीत. आत्या खालून ओरडली, की इल्दे गप्प का झालीस, मेलीस का? मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही सुरू झालात. आधी छत्र्यांचं. मग लिस्बनच्या पावसाचं, त्या गिऱ्हाईकाचं, आपल्या गुडघेदुखीचं. श्वास न घेता, समुद्राकडे पाठ करून.

खालून पावाची टोपली वर भिरकावली गेली आणि फावड्याचा आवाज पहिल्यासारखा जोरात यायला लागला.

आता हे पत्र कोणाला टाकू? पाव आणायला जाते. लोभाचं तुम्ही दोघं बघा.

तुमची,
इल्दा