चव घेण्याचा चमचा कुणाकडे जावा याविषयी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा केक व थंड कोकोदूध विकणे, माझी बुद्धी ठिकाणावर असताना आणि कुणी मानगुटीवर बसलेले नसताना, माझ्यामागे काय कुणाचे व्हावे ते स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. परवा माझ्या डाव्या पायाचे एक बोट काढणार आहेत. जखम भरत नाही, कारण रक्तात साखर. मुलगा म्हणाला, "बाबा, एका बोटासाठी कुणी मृत्युपत्र करतं का?" करतं. माझ्या वडिलांचेही आधी बोटच गेले होते.

कलम पहिले. राहते घर भांड्याकुंड्यांसह माझ्या पत्नीचे. तिच्या हयातीत तिला कुणी गोड बोलून घराबाहेर काढू नये. बँकेतली ठेवही तिचीच. ती तिने मुलाच्या नव्या फ्रीजसाठी मोडू नये असे माझे सांगणे आहे. ती ऐकणार नाही हेही मला ठाऊक आहे.

कलम दुसरे. भट्टी, फेटण्याचे यंत्र आणि सगळे साचे मुलाचे. त्याच्या हाताला जो हलका केक जमतो तो मला कधी जमला नाही. हे त्याला मी तोंडावर कधी सांगितले नाही, इथे वाचील.

कलम तिसरे, साडूंविषयी. समोरच्या दुकानाचे मालक माझे साडू. पूर्वी आम्ही एकत्र होतो. भांडून त्यांनी समोर दुकान थाटले आणि आमची जुंपली. त्यांनी कोकोदुधाचा ग्लास मोठा केला, मी वर क्रीम घातले. त्यांनी क्रीमवर चॉकलेट सिरप ओतले, मी त्यावर गोड बिस्किटांचा चुरा. दोघांच्या ईर्ष्येत गल्लीतल्या पोरांच्या दाढा किडल्या आणि दातांच्या डॉक्टरने दुसरा मजला चढवला. माझ्यामागे साडू भेटायला आले तर त्यांना मानाने बसवावे आणि पाणी द्यावे. साधे.

इथे उठून दुकानात फेऱ्या मारून आलो. पाय ठणकतो, पण बसवत नाही. जे लिहायला बसलो ते पुढेच आहे आणि पेन तिकडे जायला तयार नाही.

कलम चौथे, दुकान आणि चमचा. कोकोदूध सकाळी कढते आणि थंड करून विकले जाते. थंड झाले की गोडी कमी लागते, म्हणून गरम असतानाच तोंडाला जरा जास्त वाटेल इतकी साखर घालायची, ही आमची रीत. किती घालायची याचे माप नाही. लांब दांड्याचा एक चमचा आहे. तो ज्याच्या हाती, त्याची जीभ हेच माप. आधी वडिलांच्या हाती होता, मग माझ्या. डॉक्टरीणबाईंनी माझे गोड बंद केले तरी मी चमचा सोडला नाही. चमचाभर चव घेणे म्हणजे खाणे नव्हे, ते काम आहे.

मागे एकदा सून म्हणाली, "बाबा, साखरेचं पोतं हल्ली आठवडाभरही पुरत नाही. गिऱ्हाईक तर तेवढंच आहे."

मी म्हणालो, साखरेतच पूर्वीची गोडी राहिली नाही.

"साखर तीच आहे हो. तुमची जीभ बोथट झालीय. तुम्हाला दर वर्षी ते कमी गोड लागतं, तुम्ही वाढवता, आणि पितात दुसरेच."

मला असा राग आला की दोन दिवस तिच्या हातचा चहा घेतला नाही. तो बिनसाखरेचाच असतो, त्यामुळे फारसे जड गेले नाही.

पण नातीचे काय? आठ वर्षांची पोर. शाळेतून आली की रोज मोठा ग्लास, वर क्रीम, सिरप, चुरा, सगळा सरंजाम. मध्यंतरी तिचे वजन आणि रक्त तपासले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घराण्यात आहे हे. असंच चालू राहिलं तर तिला तुमच्या वयापर्यंत थांबावं लागणार नाही." तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. बोट जाते त्याचे मला काही नाही. मला तिच्या पायांची भीती वाटते.

मुलाला सांगितले तर तो म्हणाला, "गोडी कमी केली की गिऱ्हाईक समोर गेलंच म्हणून समजा. काका टपूनच बसलेत." तेही खोटे नाही. म्हणून आधी दुकान मुलाला लिहिले आणि खोडले. सुनेला लिहिले, तेही खोडले, कारण जाता जाता नवराबायकोत काडी टाकायची नाही. दोघांना निम्मे निम्मे लिहिले, पण चमचा निम्मा होत नाही. शेवटी असे ठरवले: माझ्या मृत्यूनंतर दुकान दोघांचे समाईक, चमचा एकट्या सुनेचा. तिची जीभ म्हणेल तेवढीच साखर.

एवढे लिहून मी कागद सुनेला वाचायला दिला. तिने उभ्याउभ्याच वाचला.

"म्हणजे तुम्ही जाईपर्यंत माझ्या पोरीनं हेच प्यायचं?"

मी म्हणालो, मृत्युपत्राचा कायदाच तसा असतो.

"आणि तुम्ही शंभरी गाठलीत तर?"

शंभरी तर मला गाठायचीच आहे.

कलम चौथे, दुरुस्त. दुकानाविषयी वर लिहिले ते कायम. चमच्यापुरते हे मृत्युपत्र लागू नाही. तो मी आज सकाळी, जिवंतपणी, सुनेच्या हाती दिला. हातातून सुटता सुटत नव्हता. दूधवाला त्या वेळी कॅन उतरवत होता, त्याने पाहिले आहे. खोडाखोड माझी आहे आणि तिच्यावर सह्याही माझ्याच आहेत.

सही तेव्हाच करायची होती, पण थांबलो. आजचे दूध कसे झाले ते कळल्याशिवाय मला मरणाचेही कागद पुरे करवेनात. मी चव मागितली, मिळाली नाही. मुलगा तोंड वाकडे करून गल्ल्यावर बसला होता. समोरून साडू मान उंचावून बघत होते. दुपारी नात आली. सुनेने लहान ग्लास भरला, वर काही घातले नाही. पोरीने ग्लास तोंडाला लावला आणि आम्ही सगळी कामे सोडून तिच्याकडे बघत राहिलो. निम्मा प्याली आणि तिने तो खाली ठेवला.

मुलाने विचारले, "काय गं, आवडलं नाही?"

"आवडलं की. पुरे," असे म्हणून ती खेळायला पळाली.

हा शब्द आमच्या दुकानात मी पहिल्यांदाच ऐकला. मुलगा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. उरलेल्या अर्ध्या ग्लासाकडे माझा हात गेला, तेवढ्यात सुनेने तो उचलून नेला.

आता सही करतो.

लिहून ठेवणार: सही (केकवाले)

आमच्यासमक्ष सही केली, शुद्धीवर होते, चिडलेले होते:
१. सही (दूधवाला)
२. सही (शेजारचे चष्मेवाले)

स्थळ: दुकानामागची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ११ मार्च, दुपार