यापुढे निरोप आपापले पोचवावेत

मी, इंगा पेटिबोन, माहेरची लिंडक्विस्ट, वय एकसष्ट, राहणार बरबँक, कॅलिफोर्निया, कार्टून स्टुडिओच्या रंगखात्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझं हृदय हा हिवाळा काढेल याची खात्री डॉक्टर देत नाहीत. डोकं मात्र ठिकाणावर आहे. या घरात तसं माझं एकटीचंच असल्यामुळे लिहिणंही मलाच भाग आहे.

कलम पहिले : घर. ते माझ्या पगारातून घेतलेलं आणि माझ्या नावावर आहे. पुढच्या भागात मी आणि माझे पती रोस्को राहतो, मागे गॅरेजवरच्या खोलीत माझा धाकटा भाऊ आयव्हर. दोघेही स्टुडिओत चित्रकार होते, एका टेबलावर डबा खायचे. गेली वीस वर्षं ते एकमेकांशी अवाक्षर बोललेले नाहीत. कारण इथे नोंदवते, म्हणजे वकिलांना वेड लागणार नाही.

सात मिनिटांच्या एका कार्टूनमध्ये एक अस्वल भिंतींना शोभेचा कागद चिकटवता चिकटवता दारावरही चिकटवतं आणि स्वतःच कोंडलं जातं. त्या कार्टूनला त्या वर्षीचं मोठं बक्षीस मिळालं. आमच्या स्टुडिओत सुरुवातीच्या पाटीवर चित्रकारांची नावं पाळीने लागत, काम कोणी का केलेलं असेना. तेव्हा पाळी रोस्कोची होती. आयव्हर म्हणाला, "कल्पना माझी आणि नाव मेहुण्याचं?" रोस्को म्हणाला, "तुझी? तुला बुटाची नाडी बांधायचंही सुचत नाही." बक्षीस मालकाने नेलं, ते त्याच्या कपाटात आहे. भांडण तेवढं माझ्या घरी आलं.

आता खरं काय ते. कल्पना दोघांचीही नव्हती. त्याच्या थोडं आधी या दोन कलावंतांनी माझ्या स्वयंपाकघराला तसलाच कागद लावला आणि गप्पांच्या नादात कोठीच्या दारावरूनही फिरवला. मी आत बटाटे काढत होते. दार ठोठावलं तर रोस्को म्हणतो, "आयव्हर, पाइपात काहीतरी वाजतंय बघ." शेवटी पावाच्या सुरीने कागद कापून मला बाहेर काढलं. वीस वर्षं दोघे त्या अस्वलावरून भांडताहेत, आणि ते अस्वल मी होते हे एकालाही आठवत नाही. त्याच्या शाईच्या रेघाही मीच गिरवल्या. रंगखात्यातल्या बायकांची नावं पाटीवर पाळीनेसुद्धा लागत नसत.

तर घर दोघांना सामाईक, वाटणी न करता. विकायचं झाल्यास दोघांनी एका टेबलाशी बसून, तोंडाने बोलून ठरवावं. चिठ्ठ्या चालणार नाहीत.

कलम दुसरे : माझे शाईचे टाक आणि पांढरे हातमोजे रंगखात्यातल्या विनिफ्रेड टॉलिव्हरला द्यावेत. तिची रेघ माझ्याहून सरस होती. हे तिला मी गेल्यावरच कळावं.

कलम तिसरे : अस्वलाचं रंगवलेलं एकच पारदर्शक पान उरलं आहे, बाकीची स्टुडिओने धुऊन पुन्हा वापरली. हे मी उंदराच्या बिळावर ठोकलं होतं म्हणून वाचलं. ते दोघांपैकी कोणालाही मिळणार नाही. कोठीच्या दाराभोवतीचा फाटका कागद दोघांनी मिळून खरवडावा आणि मग ते तिथे लावावं.

कलम चौथे : निरोप. रोस्कोचा, "त्या दीडशहाण्याला सांग, गाडी माझ्या दारातून काढ." आयव्हरचा, "त्या म्हाताऱ्याला सांग, रेडिओ हळू कर." वीस वर्षं मी अंगण तुडवते आहे. वाटेत मी शब्द बदलत गेले म्हणून बरं, नाहीतर खून पडले असते.

गेल्या वर्षी रोस्कोचं पोटाचं ऑपरेशन झालं. आयव्हर दिवसभर हॉस्पिटलच्या आवारात गाडीत बसून. म्हटलं, "वर चल." तर म्हणाला, "नको. आणि मी आलोय हे त्याला सांगू नकोस." वर रोस्को शुद्धीवर आला, खिडकीतून पाहून म्हणाला, "ती हिरवी गाडी त्याचीच ना? काही खाल्लंय का विचार त्याला. मी विचारलं म्हणून सांगू नकोस." मी सँडविच घेऊन जिना उतरले.

मला या दोघांचा वीट आला आहे. आणि मी गेल्यावर यांचं काय होईल, या काळजीने मला झोप लागत नाही. एक पडला तर दुसऱ्याला कोण सांगणार? म्हणून हॉस्पिटलातला तो राहिलेला निरोप इथे दोघांनाही लेखी पोचवते. माझ्याकडून हा शेवटचा.

कलम पाचवे : अंत्यविधीला दोघांनी एकाच गाडीतून यावं. हिरव्या.

साक्षीदार आले आहेत आणि खुर्च्या कमी पडल्या. नवऱ्याला आणि भावाला आणायला सांगितलं, तर एकेक खुर्ची घेऊन दोघेही एकदमच दारात शिरले आणि अडकून बसले आहेत. रोस्को म्हणतो, "इंगा, त्याला मागे सरकायला सांग." आयव्हर म्हणतो, "इंगा, त्याला सांग, आधी मी आलोय."

सांगणार नाही. मी सही करते आहे.

इंगा पेटिबोन
बरबँक, ९ नोव्हेंबर १९६७

साक्षीदार : वरील सही आमच्यासमोर झाली. आम्ही उभ्यानेच सह्या करत आहोत. इंगाबाईंनी टाक खाली ठेवला. मग दारातले एक गृहस्थ दुसऱ्या गृहस्थांना "तू सरक आधी" असं थेट म्हणाले, हे आम्ही दोघांनी ऐकलं. इंगाबाईंच्या सांगण्यावरून तशी नोंद केली आहे.

हारुको इवामोटो, शेजारी
क्लॅरेन्स बीडल, टपालवाले