चार नंबरची बॅग

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
लागली बाई एकदाची नोकरी! उल्हासनगर, कॅम्प चार, आण्णांचं दुकान. जीप घेऊन रानात, चिखलात घुसणाऱ्या हौशी मंडळींना आण्णा तंबू, दोरखंड, टॉर्च भाड्याने देतात. माझ्याकडे आपत्कालीन बॅगा. बँडेज, पाणी, ब्लँकेट, शिट्टी यादीप्रमाणे भरायचं आणि सील लावायचं. यादीखाली ‘काय कमी पडलं?’ असा रकाना असतो, तो गिऱ्हाइकाने भरायचा. बॅग परत आली की वापरलेलं पुन्हा भरायचं.

आण्णांनी विचारलं, हेच काम का? सांगून टाकलं. दहा महिन्यांपूर्वी माझ्या नवऱ्याची, कैलासची, जीप बारवी धरणामागच्या घाटात उलटली. मित्रांच्या बॅगेत बँडेजच नव्हतं. रक्त जाऊन गेला. माझ्या हातची बॅग कधी अर्धवट जाणार नाही. सांगताना रडू आलं नाही, हल्ली येतच नाही. आण्णांनी चहा मागवला. बरा होता.

१० नोव्हेंबर
चार नंबरची बॅग त्याच घाटातून परत आली. सील जसंच्या तसं. गिऱ्हाईक म्हणालं, टपावरून खालीसुद्धा काढली नाही. आत बँडेजचा एक रोल अर्धा, टोक दातांनी तोडलेलं. कैलास दुधाची पिशवीसुद्धा दातांनीच फोडायचा आणि माझी बोलणी खायचा. मीच भरताना चुकले असेन.

१७ नोव्हेंबर
पुन्हा तोच घाट, सील शाबूत. तीन रोल गायब, पाणी संपलेलं. ब्लँकेटवर रक्त, ओलं.
घाबरायला हवं होतं. खरं सांगते, आनंद झाला. स्वतःच्या डोळ्यांनी चितेवर जळताना पाहिलं त्याला, तरी तिथे आहे माझा माणूस. दहा रोल घातले. चिक्कीही.

२४ नोव्हेंबर
चिक्कीला हात लावलेला नाही. बँडेज सगळं संपलंय. ‘काय कमी पडलं?’ ह्या रकान्यात त्याचं अक्षर.
“काही नाही. आता भरू नकोस, श्रद्धा. खूप दुखतंय.”

२५ नोव्हेंबर
म्हणजे मी त्याला वाचवत नाहीये. मरू देत नाहीये. रोज तेच रक्त, रोज तेच — आणि पट्टी मी पुरवतेय.

२९ नोव्हेंबर, शनिवार
उद्या चार नंबर त्याच घाटात. विठ्ठलवाडीची भावंडं आहेत, सुयोग आणि पायल. पायल मला मावशी म्हणाली.
रिकामी पाठवली तर कैलास सुटेल. ह्या पोरांना लागलं तर? एका दिवसात काय होतंय —
जुने पेपर कोंबले. सील लावलं.

३० नोव्हेंबर
दुपारी आण्णांनी फोन माझ्या हातात दिला. सुयोग. जीप उलटली — पायलची मांडी — रक्त थांबत नाही.
“मावशी, बँडेज कुठल्या कप्प्यात आहे?”
मी म्हणाले, खालच्या. नीट बघ.
त्याने सील तोडलं. ऐकू आलं. मग पेपर —
फोन मी ठेवला नाही. तो शोधत होता. मी सांगत होते, अजून खाली, बाळा, अजून —