एन्क्लेव्हमध्ये दाखवलेली मुलगी

१८ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांना सुनंदाचा नमस्कार.

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. राजलक्ष्मीवहिनींचा गुडघा कसा आहे? हेब्बाळच्या तळ्याकाठी रोज थोडं चालायला सांगा. खालच्या वर्कशॉपमधल्या एका लेथचा पट्टा तुटला होता, आपल्या कारागिराने, हयवदनने, काल बदलला. रक्षिता कामावर जाते, येते, माझ्याशी बेताचंच बोलते. त्याचं कारण पुढे लिहिते.

फोनवर तुम्ही ‘स्वल्प थांब’ म्हणता आणि मग तुमचंच बोलणं होतं, म्हणून पत्र.

लग्नपत्रिकेचा मसुदा मिळाला. अक्षर सुरेख आहे, गणपतीही छान. पण वधूचा पत्ता म्हणून तुम्ही हेब्बाळचं तुमचं एन्क्लेव्ह घातलंय. ती पत्रिका मी छापणार नाही.

रागावू नका. रागवायचंच असेल तर पत्र पुरतं वाचून रागवा.

या गावात माणसाच्या आधी त्याच्या पत्त्यातला इंग्रजी शब्द बघतात. एक्स्टेन्शन म्हटलं की जुनी झाडं आणि सरकारी पेन्शन. लेआउट म्हटलं की स्वतःची जागा, दारात गाडी. एन्क्लेव्ह म्हटलं की वॉचमन सलाम ठोकतो. आत राहणारी माणसं कशी आहेत, हे त्या शब्दाला कोणी विचारत नाही. आणि पीण्या इंडस्ट्रियल एरिया म्हटलं की लोक म्हणतात, तिथे राहतं कोण? मी राहते, अण्णा. सव्वीस वर्षं झाली. खाली दोन लेथ, वर दोन खोल्या आणि गच्चीवर कढीपत्त्याची कुंडी.

तनयचे आईवडील पुण्याहून मुलगी बघायला आले, तेव्हा तुम्ही म्हणालात, कार्यक्रम आमच्याकडे करू, त्या एरियात कुठे बोलावतेस. तुमच्यावर खापर फोडत नाही. मी ‘सरी’ म्हटलं, बरं म्हटलं. वहिनींची साडी नेसले, सोफ्यावर बसले. तनयच्या आईंनी विचारलं, सगळे इथेच राहता का? मी मान हलवली.

इथवर तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं तुम्ही ऐकलं नाहीत, तुम्ही तनयच्या वडिलांना बाल्कनीतून तळं दाखवत होतात.

पोह्यांची बशी पुढे करताना त्या बाईंनी माझे हात पाहिले. नखांच्या कडा काळ्या. लेथवर काम केलं की किती घासलं तरी ते जात नाही. त्यांनी सहज विचारलं, हात कशाने काळवंडले? आणि मी म्हणाले, कच्ची केळी सोलली सकाळी.

रक्षिता शेजारी उभी होती.

तिचे बाबा गेले त्याच्या चौदाव्या दिवशी हयवदनने मला पहिल्यांदा लेथ चालू करून दाखवलं. ‘अक्का, नीवु माडी,’ म्हणाला, तुम्हीच करा. याच हातांनी मी तिला इंजिनिअर केलं. आणि त्या हातांना मी परक्या सोफ्यावर केळ्यांचं नाव दिलं. मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते. एरियाची कधीच वाटली नव्हती, ती तुमच्या घरात शिकले.

तनयला रक्षिताने दुसऱ्याच भेटीत सगळं सांगितलं होतं. तो इथे येऊन चहाही पिऊन गेलाय. पण घरी सांगायचं धाडस त्याला होईना. म्हणून गुरुवारी मीच पुण्याला फोन लावला. घर आमचं नव्हतं, केळी नव्हती, मी लेथ चालवते, सगळं सांगितलं. तनयच्या आई म्हणाल्या, पत्त्याचं राहू द्या, तुम्ही फसवलंत ते लागलं. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. आता रविवारी ते दोघं पीण्याला येताहेत. लग्न ठरलेलं राहील की मोडेल, ते तेव्हा कळेल.

तुम्ही म्हणाल, सुनंदानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. असेल. पण खोट्या पत्त्यावर मुलगी देऊन पुढे जन्मभर तिच्या सासूपुढे हात लपवायचे, हे मला जमणार नाही. रविवारी मशीन बंद ठेवणार नाही. हात घासणार नाही.

आता तुमच्याशी एक शेवटचं. ह्यांच्या तेराव्यानंतर तुम्ही माझ्या घराचा जिना चढला नाहीत. राखी, भाऊबीज, सगळं मी हेब्बाळला येऊन केलं आणि तुम्हाला कामं फार, असं सगळ्यांना सांगत राहिले. खरं कारण मला माहीत होतं. तुम्ही मोठे म्हणून बोलले नाही.

लग्न या मुलाशी होवो की दुसऱ्याशी, मुलीला मांडवात मामा नेतो. रक्षिताला नेणारा मामा तिला याच घरातून, याच जिन्यावरून खाली उतरवेल. तुम्ही आलात तर मला आनंद होईल, अण्णा, फार आनंद होईल. तुम्हाला जमणार नसेल तर मी हयवदनला विचारून ठेवलंय.

त्याने फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, ‘सरी अक्का.’

तुमची धाकटी बहीण,
लेथवाली सुनंदा